खरखर कोणाची?

संगणकाच्या स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ असा आवाज येऊ लागला, की घरातला माणूस पहिली गोष्ट कोणती करतो? तो स्पीकरच्या डोक्यावर एक चापट मारतो. आवाज थांबला नाही, तर दुसरी, जरा मोठी. मग तो स्पीकर केवढ्याला घेतला, घेताना ‘हा नको’ असे कोण म्हणत होते आणि कोणी ऐकले नाही, याची उजळणी होते. शेवटी कोणीतरी वैतागून आवाजाचे बटण फिरवतो आणि स्पीकरचे तोंड पार बंद करून टाकतो. घरात शांतता पसरते. सर्वांना वाटते, प्रश्न सुटला.

या चापटीविषयी मला आज थोडे लिहावयाचे आहे. वरवर पाहता ती फार क्षुल्लक गोष्ट आहे. पण माणसाच्या न्यायबुद्धीचा एवढा स्वच्छ नमुना दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळेल. आवाज जेथून ऐकू येतो तेथेच दोष असला पाहिजे, असे आपण गृहीत धरतो आणि आवाज बंद झाला म्हणजे दोषही गेला, असे समजतो. ही दोन्ही गृहीते स्पीकरच्या बाबतीत बहुधा खोटी ठरतात. माणसांच्या बाबतीत ती कितपत खरी आहेत, हा खरा प्रश्न आहे.

स्पीकर म्हणजे असते तरी काय? एक लोहचुंबक, त्याच्या पोकळीत तारेचे बारीक वेटोळे आणि त्या वेटोळ्याला चिकटवलेला कागदाचा किंवा तसल्याच हलक्या वस्तूचा एक शंकू. वेटोळ्यातून वीज खालीवर होऊ लागली, की शंकू पुढेमागे हलतो, त्याबरोबर हवा हलते आणि आपल्याला ऐकू येते. राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन संशोधकांनी 1925 साली हा घाट नीट बसवून दिला आणि शंभर वर्षांत त्याच्या मूळ रचनेत फारसा फरक पडलेला नाही. या पेटीला स्वतःचे असे काही म्हणावयाचे नसते. जी वीज येईल तिचा ती आवाज करते. लताबाईंचे गाणे आले तर गाणे, घरघर आली तर घरघर. निरोप वाईट निघाला म्हणून निरोप्याला मारावयाचे नाही, हे राजेरजवाड्यांच्या काळीदेखील लोकांना कळत होते; आपण मात्र त्या निरोप्याला चापट मारून मोकळे होतो.

आमच्या शाळेच्या संगणकाच्या खोलीत एकदा अशीच घरघर सुरू झाली. मुलांना कविता ऐकवावी, तर कवितेच्या मागे सारखा भुंगा गुणगुणत असावयाचा. नवे स्पीकर आणावेत, असे एकमताने ठरत आले होते. तेवढ्यात दुरुस्तीला येणारे एक वयस्क गृहस्थ आले आणि म्हणाले, “बाई, आधी स्पीकरला सोडा. तो नुसता बोलतो. त्याला बोलवतंय कोण, ते बघू.”

त्यानंतरचा अर्धा तास मला एखाद्या चांगल्या न्यायालयात बसल्यासारखा वाटला. प्रथम त्यांनी आवाजाचे बटण शून्यावर आणले. आपणही तेच करतो. पण आपण ते स्पीकरला गप्प करण्यासाठी करतो, त्यांनी ते त्याला प्रश्न विचारण्यासाठी केले. बटण शून्यावर असतानाही घरघर तशीच राहिली, तर दोष स्पीकरच्या पेटीत असण्याचा संभव अधिक. बटणाबरोबर ती कमीजास्त झाली, तर ती मागून कोठून तरी येत आहे. आमची घरघर बटणाबरोबर कमी झाली. मग त्यांनी स्पीकरची तार संगणकातून काढून आपल्या खिशातल्या मोबाइलला लावली. मोबाइल स्वतःच्या बॅटरीवर चालणारा. भिंतीतल्या विजेशी त्याचा संबंध नाही. गाणे स्वच्छ वाजले. स्पीकर निर्दोष सुटला.

पुढेही त्यांचा क्रम असाच होता. एका वेळी एकच वस्तू काढावयाची, ऐकावयाचे, ती पुन्हा जागच्या जागी लावावयाची आणि मगच दुसरीला हात घालावयाचा. मी म्हटले, “सगळंच काढून पुन्हा लावलं तर?” ते म्हणाले, “आवाज जाईल कदाचित. पण का गेला ते कळणार नाही. मग पुढच्या महिन्यात मी परत येणार.” न्याय करणाऱ्याने पाठ करून ठेवावे असे हे वाक्य आहे. घाईघाईने दहा गोष्टी बदलून मिळवलेल्या शांततेत शहाणपण काहीच मिळत नाही.

काम करता करता ते मला आवाजांच्या जाती सांगत होते. आपल्या देशातली वीज सेकंदाला पन्नास वेळा आवर्तन करते; म्हणून भिंतीतून आलेली घरघर पन्नासाच्या किंवा तिच्या दुप्पट, शंभराच्या, जाड सुरात असते. बटण फिरवताना करकर झाली, तर बटणाच्या आत मळ साचला आहे. आमच्या वेसाव्याला समुद्राची खारी हवा. तेथे प्लगच्या पितळेवर गंज लवकर चढतो आणि तार जरा हलली की कडकड होते. माउस हलवला की बारीक चिरचिर होत असेल, तर ती संगणकाच्या पोटातली वीज आवाजाच्या वाटेवर सांडते आहे. टू-जी मोबाइल जवळ ठेवला, की फोन वाजण्याच्या क्षणभर आधी ‘टक्-टक्-टर्र’ असा आवाज येतो. कारण तो फोन आपल्या लहरी सेकंदाला सुमारे 217 तुकड्यांनी फेकत असतो. दिवाळीत उघडमीट करणाऱ्या स्वस्त दिव्यांच्या माळा लागल्या, की त्यांचीही खरखर कधी कधी तारांतून येते. ऐकणाऱ्याला हे सारे एकच, ‘स्पीकर बिघडला.’ जाणत्याला प्रत्येक खरखर आपल्या गावाचे नाव सांगत येते.

आमच्या खोलीतला गुन्हेगार अखेर सापडला. पण सापडला तो मोठा चमत्कारिक निघाला. संगणक ठीक होता. छताला टांगलेला प्रोजेक्टर ठीक होता. स्पीकर तर ठीकच होता. मात्र संगणकाची वीज एका भिंतीतून घेतली होती आणि प्रोजेक्टरची दुसऱ्या खोलीच्या भिंतीतून, आणि त्या दोघांना जोडणारी एक तार मधून गेली होती. दोघांनाही जमिनीचा आधार, ज्याला अर्थिंग म्हणतात तो, स्वतंत्र वाटेने मिळत होता. प्रत्येक यंत्र आपल्या पायाखालच्या जमिनीला शून्य समजून तेथून विजेचे मोजमाप करते. परंतु याचे शून्य आणि त्याचे शून्य यांत केसाएवढे अंतर होते. त्या अंतरामुळे जोडणाऱ्या तारेतून थोडीशी वीज गोल फिरत राही, आणि ती बिचाऱ्या स्पीकरच्या तोंडून ‘घूंऽऽ’ करी. तिघेही निर्दोष, दोष त्यांच्या संबंधात होता.

मी त्या दिवसापासून या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. संसारातली, शेजारातली आणि समाजातली किती घरघर अशी दोन शून्यांमधून येत असेल! सासूचे शून्य तिच्या माहेरच्या आणि तिच्या काळच्या रीतीवर ठरलेले असते, सुनेचे तिच्या. दोघींनाही वाटत असते, की आपण सरळ जमिनीवर उभ्या आहोत आणि उंचसखल आहे ती दुसरी. आवाज मात्र फुटतो तो बहुधा मधल्या माणसाच्या तोंडून; मुलगा जेवणाच्या ताटावर खेकसतो आणि सगळे म्हणतात, हल्ली याचा स्वभाव बिघडला आहे.

वेसाव्यातच पाहा. खाडीच्या कडेला आमचा कोळीवाडा आणि सात बंगला, यारी रोडच्या बाजूला उंच इमारती. होडीचे इंजिन, बर्फ फोडण्याचा आवाज, मासळीच्या बोलीचा गलका ही कोळीवाड्याची पहाट. ते त्याचे शून्य. तेथून पुढे त्याचा दिवस मोजला जातो. इमारतीतल्या माणसाने कर्ज काढून जी जागा घेतली, तिच्या किमतीत सकाळची झोप धरलेली आहे. ते त्याचे शून्य. एकाला दुसऱ्याची पहाट गोंगाट वाटते आणि दुसऱ्याला पहिल्याची मध्यरात्रीची मोटार आणि गच्चीवरचे संगीत. यांत खोटे कोणीच बोलत नाही. म्हणूनच हा वाद ‘गप्प बसा’ या दोन शब्दांनी मिटत नाही. कोठून मोजावयाचे, हे आधी दोघांनी मिळून ठरवावे लागते.

अशा घरघरीवर उपाय दोन आहेत. एक खरा, सर्व यंत्रांना एकाच फळीवरून वीज द्यावयाची, म्हणजे सगळ्यांचे शून्य एक होते, किंवा ते जमत नसेल, तर मध्ये एक लहानसा ट्रान्सफॉर्मर बसवावयाचा, जो गाणे पलीकडे जाऊ देतो आणि तारांचा प्रत्यक्ष संबंध तोडतो. दुसरा उपाय फार सोपा आहे आणि फार लोक तो करतात. तीन दांड्यांच्या प्लगची वरची जाड दांडी काढून टाकावयाची. ती अर्थिंगची. ती गेली, की एका यंत्राची जमीन सुटते, फेरा तुटतो आणि घरघर तत्क्षणी थांबते. पैसा लागत नाही, वेळ लागत नाही.

पण ती दांडी तेथे कशासाठी असते? ती इतर दोघींपेक्षा लांब केलेली असते, ती अशासाठी, की प्लग आत जाताना तिने सर्वांच्या आधी टेकावे आणि बाहेर येताना सर्वांच्या मागून सुटावे. एखाद्या दिवशी यंत्राच्या आत तार सुटून पत्र्याला लागली, तर ती वीज जमिनीत नेण्याचे काम तिचे. ती नसेल, तर वीज ज्याचा हात त्या पत्र्याला लागेल त्याच्या देहातून जमिनीकडे जाते. “घरघर गेली म्हणून लोक खूश होतात,” ते गृहस्थ म्हणाले, “पण घरात लहान मूल असेल तर मी आधी प्लग बघतो.”

मला वाटते, नको असलेल्या आवाजाच्या प्रश्नातले सारे नैतिक मर्म या एका दांडीत आहे. शांतता दोन प्रकारची असते. एक, कारण दूर झाल्यावर येणारी; दुसरी, कारण तसेच ठेवून त्याचा बोभाटा तेवढा बंद केल्यावर येणारी. कानाला दोन्ही सारख्याच लागतात, म्हणून फसगत होते. दुसरी शांतता पुष्कळदा नेमका तोच आधार कापून मिळवलेली असते, ज्याने पुढेमागे कोणाचा तरी जीव वाचावयाचा होता. ज्या वर्गात एकही मूल प्रश्न विचारीत नाही, तो वर्ग तपासनिसाला शिस्तीचा वाटतो. ज्या घरात म्हातारी कुरकुर करावयाची थांबली, त्या घराला पाहुणे सुखी घर म्हणतात. कारखान्यात तक्रारीची पेटी रिकामी निघाली, की मालक समाधानाने चहा मागवतो. या सर्व ठिकाणी दांडी शाबूत आहे ना, हे कोणी पाहिले आहे?

2020 साली टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आल्या, तेव्हा आम्हा शिक्षकांच्या हाती एक नवी कळ आली. ती दाबली, की सगळ्या वर्गाचा आवाज एका क्षणात बंद. पंचवीस वर्षे घसा कोरडा करणाऱ्या शिक्षकाला ही कळ म्हणजे वरदानच वाटावे. माझ्या वर्गात कोळीवाड्यातली एक मुलगी होती. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपून ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागल्यावर ती बोलू लागली, की तिच्या मागून मोठा गलका ऐकू येई. इतर मुलांचे पालक म्हणत, “बाई, तिचा आवाज बंद ठेवा, आमच्या मुलांना ऐकू येत नाही.” त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, खरोखरच ऐकू येत नसे. मी तिला विचारले, तेव्हा कळले, की घरात एकच खोली आणि दाराशीच आईची मासळीची पाटी. तो गलका गिऱ्हाइकांचा होता. त्या गलक्यावरच त्या घराची चूल पेटत होती आणि तिच्या हातातल्या मोबाइलचे पैसेही त्यातूनच भरले जात होते. ज्याला आम्ही खरखर म्हणत होतो, तो त्या घराचा सूर होता. आम्ही तिच्या उत्तरांची वेळ दुपारी, पाटी उठल्यावर, ठेवली. वर्गालाही ऐकू येऊ लागले आणि तीही गप्प झाली नाही. उपाय एवढासाच होता. पण तो सापडण्यासाठी कळ दाबण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा लागला.

येथे कोणी म्हणेल, “बाई, म्हणजे सगळाच गोंगाट आम्ही प्रेमाने ऐकत बसावा की काय?” मुळीच नाही. गोंगाट ही खरी पीडा आहे. आजारी माणसाच्या खिडकीखाली रात्री वाजणाऱ्या कर्ण्यामागे कसलेही दुःख दडलेले नसते. नुसता उद्दामपणा असतो. 2000 साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यांनी राहत्या वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावरच्या ध्वनिवर्धकांना सर्वसाधारणपणे मनाई केली. मला हे नियम फार शहाणपणाचे वाटतात. त्यांनी वाद करणाऱ्यांना एक समान शून्य दिले. आणि स्पीकरचा शंकूच फाटला असेल, तर दोष स्पीकरचाच. तेथे दया दाखवून कविता सुधारणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की निवाडा शेवटी यावा, आरंभी येऊ नये. ‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ असे होऊ द्यावयाचे नसेल, तर धूर कोठून निघतो हे आधी पाहावे लागते. आणि रात्री कर्ण्याविरुद्ध तक्रार करणारा माणूसही एक प्रकारचा स्पीकरच असतो, हे विसरू नये. वस्ती बहुधा त्यालाच म्हणते, “काय हा कटकट्या!”

आता एक गोष्ट उरते. सगळे दोष काढले, तारा बदलल्या, शून्ये जुळवली, तरी रात्री कान जवळ नेला तर स्पीकरमधून एक अतिशय मंद ‘सस्स’ ऐकू येते. ती कोणालाही पूर्णपणे घालवता येत नाही. 1928 साली जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी दाखवून दिले, की विजेला अडवणारी कोणतीही वस्तू उबदार असेल, तर तिच्यातल्या कणांच्या धडपडीमुळे अशी सळसळ होणारच. ज्याला ऊब आहे त्याला थोडा आवाज आहे. संपूर्ण निःशब्द व्हावयाचे, तर संपूर्ण थंड व्हावे लागेल. घरातल्या माणसांविषयीही हेच म्हणता येईल, असे मला वाटते.

आणि कधी कधी तर असे होते, की ज्या खरखरीचा माग काढावयास निघावे, ती कोणत्याही दोषाची नसतेच. अमेरिकेत कार्ल जान्स्की नावाच्या तरुण अभियंत्याला समुद्रापलीकडच्या दूरध्वनीत येणाऱ्या खरखरीचे कारण शोधण्याचे काम दिले होते. त्याने जवळच्या वादळांची खरखर वेगळी केली, दूरच्या वादळांची वेगळी केली. तरी एक बारीक सळसळ उरली. ती रोज चार मिनिटे लवकर येई. सूर्य असा वागत नाही, तारे वागतात. 1933 साली त्याने जाहीर केले, की ती आपल्या आकाशगंगेतून, धनू राशीच्या बाजूने येत आहे. पुढे 1964-65 मध्ये पेंझियस आणि विल्सन यांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात अशीच एक न जाणारी खरखर आली. अँटेनात कबुतरांनी घरटे केले होते. त्यांनी कबुतरे हलवली, त्यांची घाण धुऊन काढली, तरी ती गेली नाही. ती विश्वाच्या बालपणीच्या उष्णतेची शेष ऊब निघाली आणि 1978 साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी वैतागून आपल्या यंत्राला चापट मारली असती, तर?

जान्स्कीच्या त्या नकोशा सळसळीतून एक सबंध शास्त्र जन्माला आले, आणि त्याचे एक मोठे तीर्थक्षेत्र आपल्या महाराष्ट्रात आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या दुर्बिणीच्या तीस प्रचंड तबकड्या आहेत. प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. माणसांच्या यंत्रांची रेडिओ-खरखर तेथे कमी, म्हणून ती जागा निवडली. भेटीला जाणाऱ्याला मोबाइल बंद करावा लागतो. तेथले लोक आपली खरखर अतिशय काटेकोरपणे बाजूला सारतात. ती एवढ्यासाठी, की दुरून येणारी दुबळी खरखर ऐकू यावी. आवाज बंद करणे आणि ऐकण्यासाठी शांत होणे यांतला फरक समजून घ्यावयाचा असेल, तर माणसाने एकदा खोडदला जाऊन यावे.

दिवाळी आली आहे. घरे पाहुण्यांनी भरतील, मुले किंचाळतील, फराळावरून जावांमध्ये थोडी कुरबुर होईल, शेजारी माळा लावतील आणि स्पीकर खरखरतील. त्यांतले काही थांबवावे लागेल. रात्री दहानंतरचे तर थांबवलेच पाहिजे. पण ज्याचा आवाज आपल्याला टोचतो, त्याच्या मागची तार कोठवर गेली आहे, हे पाहण्याइतका धीर आपण धरला, तर पुष्कळ निर्दोष माणसे सुटतील, आणि काही घरांत वेळीच अर्थिंग नीट होईल.